२.४०५ : एका आकड्याचा इतिहास

आजच्या धाग्याचा नायक एक आकडा आहे. इ.स. १९८६ मध्ये अमेरिकेतील ‘फिजिकल रिव्ह्यू बी’ या नियतकालिकात डेव्हिड डनलॅप आणि वासुदेव मंगेश केंकरे या दोघांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. केंकरे मूळचे गोव्याचे. त्यांचा जन्म पोर्तुगीज अमलातील गोव्यात झाला, पदवी त्यांनी मुंबईच्या आयआयटीतून घेतली आणि डॉक्टरेट न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक येथून. निबंध लिहिला तेव्हा ते न्यू मेक्सिको विद्यापीठात, म्हणजे आल्बुकर्की या वाळवंटी शहरात होते.

निबंधाचा निष्कर्ष थोडक्यात असा. स्फटिकातील अणूंच्या रांगेतून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनवर सतत दिशा बदलणारे विद्युतक्षेत्र लावावे. त्या क्षेत्राची ताकद आणि वारंवारता यांचे एक विशिष्ट गुणोत्तर २.४०५ इतके ठेवावे. मग इलेक्ट्रॉन कुठेही जात नाही. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी तो निघाला त्याच जागी परततो. ताकद थोडी कमी केली तर तो रांगेत दूरवर पसरत जातो. थोडी वाढवली, तरीही तो पसरत जातो. सारी गंमत या शेवटच्या वाक्यात आहे. अधिक जोराने हलवले म्हणजे अधिक जखडले जाते असे नाही. जखडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत : २.४०५, त्यानंतर ५.५२०, त्यानंतर ८.६५४, आणि पुढेही.

हे आकडे केंकरे यांनी घडवले नाहीत. ते आधीपासून गणितात होते. त्यासाठी आपल्याला अठराव्या शतकात जावे लागेल.

१७३० च्या दशकात, म्हणजे इकडे वसईच्या मोहिमेच्या आगेमागे, डॅनियल बर्नुली हा गणिती छताला टांगलेली साखळी कशी झुलते हा प्रश्न सोडवत होता. साखळीचे झुलणे लंबकाइतके साधे नसते, कारण तिचा वरचा भाग खालच्या भागाचे वजन पेलत असतो. बर्नुलीला जे उत्तर मिळाले त्यात पहिल्यांदा २.४०५ ची सावली दिसते. पुढे १७६० च्या दशकात ऑयलरने ताणलेल्या गोल चामड्याचे, म्हणजे ढोलाच्या पानाचे, कंपन मांडले. तिथेही तोच आकडा निघाला. साध्या ढोलाचा मूळ स्वर किती उंच असेल हे चामड्याचा ताण, त्याचे वजन, त्याची त्रिज्या आणि २.४०५ हे चौघे मिळून ठरवतात. (तबल्याची गोष्ट निराळी. मधल्या शाईमुळे तिथले गणित बदलते आणि म्हणूनच तबला सुरात बोलतो. सी. व्ही. रामन यांनी यावर लिहिले आहे. तो एका स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.) वारणानगरचा बालवाद्यवृंद ज्यांनी ऐकला असेल, त्यांनी हा आकडा नकळत कानांनीही ऐकला आहे.

आणि गणिताच्या पुस्तकांत या फलनांना नाव कोणाचे? बेसेलचे. कोनिग्सबर्गचा खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल याने १८२४ च्या सुमारास ग्रहांच्या गतीचा अभ्यास करताना त्यांची पद्धतशीर मांडणी केली, म्हणून ती ‘बेसेल फलने’ झाली. बर्नुली त्याच्या सुमारे नव्वद वर्षे आधीचा. नाव कोणाला लागते आणि का लागते, हा प्रश्न इथे मनात नोंदवून ठेवा. तो पुन्हा समोर येणार आहे, आणि त्या वेळी त्यात आपल्या प्रदेशाचा अभिमानही गुंतलेला असेल.

आता इलेक्ट्रॉनकडे वळू. १९२८ साली लाइपझिगमध्ये हायझेनबर्गच्या हाताखाली काम करणारा तरुण फेलिक्स ब्लॉख याने स्फटिकातील इलेक्ट्रॉनचे वागणे मांडले. स्फटिकात अणू ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा येतात, आणि इलेक्ट्रॉन त्यांतून लहरीसारखा जातो. ब्लॉखच्या गणिताचा एक परिणाम फार विचित्र होता, आणि १९३४ मध्ये क्लॅरेन्स झेनरने तो स्पष्ट शब्दांत सांगितला. स्फटिकावर स्थिर विद्युतक्षेत्र लावले की इलेक्ट्रॉन वेग घेतो. पण वेग घेता घेता त्याच्या लहरीची लांबी अणूंमधल्या अंतराशी जुळू लागते, आणि मग स्फटिकच त्याला परतवून लावतो. तो उलटा येतो, पुन्हा वेग घेतो, पुन्हा परततो. म्हणजे सरळ, न बदलणाऱ्या ओढीखाली तो धावत सुटण्याऐवजी झोके घेऊ लागतो! यांना ‘ब्लॉख आंदोलने’ म्हणतात.

ही आंदोलने पाहायला जगाला जवळजवळ साठ वर्षे लागली. कारण साधे आहे. खऱ्या स्फटिकात इलेक्ट्रॉन सतत धडकत असतो. कधी अणूंच्या थरथरीला, कधी अशुद्धीला. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकात एकाच रचनेची पुनरावृत्ती सुमारे अर्ध्या नॅनोमीटरवर होते. दर सेंटीमीटरला १० हजार व्होल्ट इतके जबर क्षेत्र लावले तरी एक झोका पूर्ण व्हायला सात पिकोसेकंदांहून अधिक वेळ लागतो (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लक्षकोट्यंश). तेवढ्या वेळात इलेक्ट्रॉन अनेकदा धडकून आपली लय विसरतो. झोका सुरू होण्याआधीच मोडतो. त्यामुळे ही आंदोलने मुळात असू शकतात का, यावरच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भौतिकशास्त्रज्ञांमध्ये बराच काळ वाद झडला.

तोडगा सुचला तो शेतकऱ्याच्या बुद्धीचा. वारणाकाठच्या उसाच्या रानात सरी आणि वरंबा कसे एकाआड एक जातात ते आठवा : खोलगट सरी, उंच वरंबा, पुन्हा सरी. निसर्गातील अणूंची रांग फार दाट आहे ना? मग तिच्यावर आपणच दुसरी, रुंद सरी-वरंब्यांची रांग आखावी. १९७० च्या जानेवारीत आयबीएमच्या संशोधन-पत्रिकेत लिओ इसाकी आणि राफाएल त्सू यांनी हेच सुचवले. दोन अर्धवाहकांचे अतिपातळ थर आलटूनपालटून वाढवायचे. एका पदार्थाचा थर म्हणजे सरी, त्यात इलेक्ट्रॉन सुखाने बसतो. दुसऱ्याचा थर म्हणजे वरंबा, तो पार करताना इलेक्ट्रॉनला अडखळावे लागते. उसाच्या रानात दोन सऱ्यांमध्ये तीन-चार फूट असतात. इथे अंतर दहा नॅनोमीटरच्या घरात. या मानवनिर्मित रांगेला ‘सुपरलॅटिस’ म्हणतात. अंतर वाढले की झोका लवकर पूर्ण होतो : तेच १० हजार व्होल्टचे क्षेत्र आणि १० नॅनोमीटरची रांग घेतली, तर एका सेकंदात सुमारे २.४ लक्षकोटी झोके. एका झोक्याला अर्ध्या पिकोसेकंदापेक्षाही कमी वेळ. आता धडकण्याआधी झोका पुरा होण्याची आशा धरता येते.

इसाकी हे काही नवखे नव्हते. सोनी कंपनीत असताना १९५७ मध्ये त्यांनी शोधलेला डायोड त्यांच्याच नावाने ओळखला जातो आणि १९७३ चे नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळाले. तरीही सुपरलॅटिसचा हा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’ने आधी परत पाठवला होता. परीक्षकांना तो फार हवेतला वाटला आणि त्यात नवे भौतिकशास्त्र दिसले नाही, असे पुढे इसाकींनीच सांगितले. त्यामुळे तो आयबीएमच्या घरच्या पत्रिकेत छापला गेला. अर्धवाहक-शास्त्राच्या इतिहासात सर्वाधिक उद्धृत झालेल्या निबंधांपैकी तो एक आहे.

इथे थोडे थांबून रशियाकडे पाहणे भाग आहे, कारण इंग्रजीत लिहिलेले इतिहास बहुधा न्यूयॉर्कहून थेट पुढे निघतात. स्फटिकावर कृत्रिम, रुंद रांग आखण्याची कल्पना सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ लिओनिद केल्डिश यांनी १९६२ मध्येच मांडली होती. फक्त थर वाढवण्याऐवजी त्यांनी श्राव्यातीत ध्वनिलहरीने ती रांग उठवायची असे सुचवले होते. सोव्हिएत संशोधकांनी इसाकी-त्सू यांची कल्पनाही ताबडतोब उचलली. १९७१ मध्ये लेनिनग्राडच्या काझारिनोव आणि सुरीस यांनी अशा थरांतून प्रकाशाचे वर्धन करता येईल असे मांडले. त्यातूनच पुढे, १९९४ मध्ये, बेल प्रयोगशाळेत ‘क्वांटम कॅस्केड लेसर’ साकारला. आज वायूंचे पृथक्करण करणाऱ्या यंत्रांत तो वापरला जातो.

आपल्या आकड्याच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचे शहर आहे गॉर्की, म्हणजे आजचे निझ्नी नोव्हगोरोद. परदेशी माणसाला तिथे प्रवेश नव्हता. याच शहरात १९८० ते १९८६ या काळात आंद्रेई साखारोव यांना स्थानबद्ध ठेवले होते. इग्नातोव आणि रोमानोव हे तिथले दोन संशोधक सुपरलॅटिसवर अतिउच्च वारंवारतेचे क्षेत्र पडले तर काय होईल याचे गणित करत होते. १९७६ मध्ये त्यांनी दाखवले की क्षेत्राची ताकद विशिष्ट मूल्यांवर आली की सुपरलॅटिस त्या लहरीला जणू अडवायचेच सोडून देतो, पारदर्शक होतो. ती मूल्ये कोणती? ज्या ठिकाणी शून्य क्रमांकाचे बेसेल फलन शून्य होते ती. म्हणजे २.४०५ आणि त्याची भावंडे.

म्हणजे केंकरे यांच्या दहा वर्षे आधी!

इतिहासाच्या समाजमाध्यमी जगात दोन प्रकारच्या पोस्ट हमखास चालतात. एक : ‘आपल्या माणसाने आधी शोधले, जगाने श्रेय दिले नाही.’ दुसरी, तिचीच उलटी : ‘ज्याचे नाव आहे तो खरा शोधकच नव्हे.’ या प्रसंगावर दोन्ही लिहिता येतील. पहिलीसाठी गोव्याचा अभिमान हाताशी आहे, दुसरीसाठी पोलादी पडद्याआड दडलेला निबंध. माझ्या मते दोन्ही चूक ठरतील, आणि का ते साधनांकडे नीट पाहिल्यावरच कळते.

आधी पोलादी पडद्याचे. इग्नातोव-रोमानोव यांचा निबंध कुठल्या कुलूपबंद अहवालात नव्हता. तो पूर्व बर्लिनहून निघणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय पत्रिकेत इंग्रजीत छापला गेला होता, आणि ती पत्रिका पाश्चात्त्य ग्रंथालयांतही पोहोचत असे. मग निबंध झाकला कशाने गेला? माझे उत्तर : प्रश्नाने. गॉर्कीच्या संशोधकांचा प्रश्न होता, हा पदार्थ विद्युतचुंबकीय लहरीशी कसा वागतो? ती रेडिओ-अभियंत्याची दृष्टी आहे, आणि तिला उत्तर मिळते ते ‘पारदर्शकता’ या शब्दात. त्यांच्या गणितात इलेक्ट्रॉनचे धडकणे पहिल्यापासून गृहीत आहे.

केंकरे वेगळ्या वाटेने आले. रोचेस्टर विद्यापीठात असल्यापासून त्यांचा विषय होता रेणूंच्या स्फटिकांत ऊर्जा एका रेणूवरून दुसऱ्यावर कशी सरकते हा. प्रकाशसंश्लेषणातही हाच प्रश्न येतो. इलेक्ट्रॉन काय, ऊर्जेचे गाठोडे काय, ते लहरीसारखे सलग पसरते की भटक्यासारखे उड्या मारत जाते, याचा त्यांनी वर्षानुवर्षे विचार केला होता. त्या काळी ‘इलेक्ट्रॉन एके जागी अडकतो’ म्हटले की सर्वांना फिलिप अँडरसन यांचा १९५८ चा सिद्धांत आठवे : स्फटिकात पुरेशी अव्यवस्था असेल, तर इलेक्ट्रॉन अडकून पडतो. डनलॅप आणि केंकरे यांनी विचारले : रांग पूर्ण व्यवस्थित असेल, एकही अणू जागचा हललेला नसेल, आणि बाहेरून फक्त एक लयबद्ध क्षेत्र लावले असेल, तरी इलेक्ट्रॉन अडकेल का? उत्तर आले, हो, पण मोजक्याच ठिकाणी. त्यांनी या घटनेला ‘गतिज स्थानबद्धता’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव दिले आणि तेच रूढ झाले.

त्यामागचे कारण शब्दांत सांगता येते. क्षेत्र पुढे-मागे होते तशी इलेक्ट्रॉनची लहरही पुढे-मागे ढकलली जाते. पण रांगेमुळे त्याचा वेग मर्यादित आहे आणि ठरावीक टप्प्यांनंतर तो उलटतो. म्हणून एका आवर्तनात तो कधी पुढे, कधी मागे जातो. या साऱ्या ये-जाची बेरीज शून्य क्रमांकाच्या बेसेल फलनाच्या पटीत येते. फलन शून्य असेल तेथे पुढचे आणि मागचे अंतर तंतोतंत सारखे होते, आणि खरा मुद्दा हा की ते इलेक्ट्रॉनच्या प्रत्येक सुरुवातीच्या स्थितीसाठी सारखे होते. म्हणून लहरीचे सगळे घटक एकाच वेळी घरी परततात. गुणोत्तर कसले, तेही सोपे आहे : एका सरीवरून पुढच्या सरीवर जाताना क्षेत्र इलेक्ट्रॉनला जास्तीत जास्त जेवढी ऊर्जा देते, तिला त्या लहरीच्या एका फोटॉनच्या ऊर्जेने भागायचे. १० नॅनोमीटरची रांग आणि १ टेराहर्ट्झची लहर घेतली, तर २.४०५ गाठायला दर सेंटीमीटरला जवळपास १० हजार व्होल्ट लागतात.

तेव्हा गणिती बिंदू एक, शोध दोन. गॉर्कीत तो पदार्थाचा गुणधर्म म्हणून सापडला, आल्बुकर्कीत कणाच्या हालचालीचा नियम म्हणून. श्रेयाची वाटणी करायचीच असेल तर ती अशी करावी. इग्नातोव आणि रोमानोव यांना वगळून हा इतिहास लिहिणे अन्यायाचे आहे, आणि केंकरे यांच्या कामाला ‘दुसऱ्यांदा सापडलेले’ म्हणणे उथळपणाचे. बर्नुली, ऑयलर आणि बेसेल यांच्या बाबतीत आपण हे सहज मान्य करतो. तिथे कोणाचा प्रदेशाभिमान अडत नाही, म्हणून.

प्रयोगांचे पुढचे पर्व भराभर सांगतो. १९९२ मध्ये बेल प्रयोगशाळेत जगदीप शाह, कार्ल लिओ, योखेन फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी अतिलघु लेसर-स्पंदांच्या साहाय्याने सुपरलॅटिसमध्ये ब्लॉख आंदोलने टिपली. पुढच्याच वर्षी जर्मनीतील संशोधकांनी त्या झोक्यांतून बाहेर पडणारी टेराहर्ट्झ लहर पकडली. झेनरचे भाकीत एकदाचे खरे ठरले.

२.४०५ साठी मात्र बाहेरून जबर टेराहर्ट्झ क्षेत्र लागते, आणि त्या काळी ते सहजी मिळत नव्हते. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे इलेक्ट्रॉनचा झोत वेगवान करून त्यातून लहर काढणारा एक अजस्र लेसर होता. १९९५ मध्ये तिथल्या गटाने त्या लहरीखाली सुपरलॅटिस ठेवून विद्युतप्रवाह मोजला. क्षेत्र वाढवत नेले तसा मूळ प्रवाह मंदावत गेला. इतकेच नव्हे, काही स्थितींत लावलेल्या व्होल्टेजच्या उलट दिशेने प्रवाह वाहिला. पण नमुने असे होते की त्यांत इलेक्ट्रॉन एकेका सरीत थांबत, उड्या घेत जात होता. डनलॅप-केंकरे यांच्या निबंधातील धडक-विरहित, सलग लहर तिथे नव्हती. पुरावा भक्कम होता, पण पूर्णपणे त्याच प्रश्नाचा नव्हता.

आणि यंत्राचे काय? इसाकी आणि त्सू यांना हवा होता तो नुसती बॅटरी जोडली की टेराहर्ट्झ लहर सोडत राहील असा ‘ब्लॉख आंदोलक’. असा आंदोलक अजून कारखान्यातून बाहेर पडलेला नाही. अडचण मुळातच आहे. इलेक्ट्रॉन परतू लागला की व्होल्टेज वाढवूनही प्रवाह घटतो. अशा स्थितीत प्रभार सर्वत्र सारखा राहत नाही, त्याचे पुंजके जमतात, आणि सगळ्या थरांवर सारखे क्षेत्र ठेवणेच अशक्य होते. सुपरलॅटिस आज टेराहर्ट्झ उपकरणांत वापरले जातात ते मुख्यतः दुसऱ्या कामासाठी : त्यांच्या वाकड्या, अरेषीय प्रतिसादामुळे आत गेलेल्या लहरीची वारंवारता अनेक पटींनी वाढून बाहेर येते.

थर वाढवण्याची कला मात्र घरोघरी पोहोचली, आणि तिचा एक धागा पन्हाळा तालुक्यातील वारणानगरलाही शिवतो. १९९८ मध्ये वारणा साखर कारखान्याच्या परिसरातील सुमारे सत्तर गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प जाहीर झाला : गावोगावी संगणक, आणि शेतकऱ्याला आपल्या उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन गावातच कळावे हा हेतू. संगणक महाग, वीज बेभरवशाची. पुढच्या दशकात बंगळूरच्या संशोधकांनी काही गावांत तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिले. ‘वारणा अनवायर्ड’ या नावाने तो प्रयोग माहिती-तंत्रज्ञानाच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. त्या काळच्या अनेक हँडसेटमध्ये बाहेर जाणारा संदेश मनोऱ्यापर्यंत पोहोचेल इतका बलवान करणारी चिप गॅलियम आर्सेनाइडच्या पातळ थरांवर घडवलेली असे. तो सुपरलॅटिस नव्हे, हे स्पष्ट सांगतो. पण वेगवेगळ्या अर्धवाहकांचे अतिपातळ थर एकावर एक चढवण्याची विद्या तीच. सरी-वरंब्याच्या रानात उभा राहून शेतकऱ्याने पाठवलेला संदेश नॅनोमीटरच्या थरांतून बाहेर पडत होता.

राहिली ती केंकरे यांच्या निबंधाची स्वच्छ परीक्षा. ती शेवटी झाली, आणि तिच्यात इलेक्ट्रॉनही नव्हता आणि अर्धवाहकही. लेसरच्या दोन झोतांनी प्रकाशाची सरी-वरंब्याची रांग आखता येते, आणि तिच्यात निरपेक्ष शून्याजवळ थंड केलेले अणू ठेवता येतात. तिथे अशुद्धी नाही, थरथर नाही, धडका जवळपास नाहीत. विद्युतक्षेत्राऐवजी सगळी रांगच लयीत हलवायची. १९९८ मध्ये टेक्सासच्या गटाने सोडियमच्या अणूंवर याची सुरुवात केली. २००७ मध्ये इटलीतील पिसा येथील गटाने रुबिडियमचे अणू घेऊन हलवण्याचा जोर टप्प्याटप्प्याने वाढवत नेला आणि अणू रांगेत किती पसरतात ते मोजले. जोर वाढला तसे पसरणे कमी होत गेले, २.४ च्या आसपास ते थांबले, आणि त्यापुढे जोर वाढवताच अणू पुन्हा पसरू लागले. फक्त या वेळी त्यांच्या लहरींचे चिन्ह उलटे होते, बेसेलच्या फलनात त्या जागी उणे चिन्ह येते तसेच.